बुखारीखालची जमीन

लडाखमधल्या त्या चौकीवर पोस्टिंग झाली तेव्हा मी हवालदार होतो. मी हदगावचा. जमीन म्हणजे काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी, एवढंच मला ठाऊक. इथं कुदळ मारली की ठिणगी उडायची. हातभर खालची माती बाराही महिने गोठलेली, दगडासारखी. तिच्यावरच आमचा बंकर उभा होता. आत ऊब देणारी रॉकेलची शेगडी, म्हणजे बुखारी, रात्रंदिवस पेटलेली.

आम्ही पाच जण. रेडिओवर नाईक गुरुलिंग, औसा तालुक्यातला. भूकंपात त्याचे आईवडील गेले. तो आणि थोरली बहीण महादेवी, दोघंच वाचले होते.

फेब्रुवारीत बंकरचं दार लागेना. मग टेबलावरचा चहाचा मग कुणी हात न लावता मागच्या भिंतीकडं सरकत गेला. बाहेर उणे अठ्ठावीस, आणि आत जमिनीतून गढूळ पाणी पाझरत होतं. कान दिला तर खाली कुणीतरी सावकाश चावतंय असं वाटायचं. जवान मागच्या भिंतीजवळ झोपेनासे झाले.

एका सकाळी गुरुलिंग जमिनीला कान लावून बसला.

"दादा, खालून आवाज येऊन राहिला."

"बर्फ असंल."

"न्हाई. हा आवाज मी आधी ऐकलाय. बुखारी बंद करा."

"गारठून मरतील सगळे. चालू राहू दे."

ती माझी ऑर्डर होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी मागची भिंत करकरली. गुरुलिंग ओरडला, "भायेर व्हा!" आम्ही चौघं बाहेर पडलो. तो रेडिओ सेटजवळच बसून राहिला. खालच्या उतारावर दोन नंबरचा बंकर होता, सात जवानांचा.

"दोन नंबर, दोन नंबर. बंकर खाली करा. वरून जमीन येऊन राहिली. ओव्हर."

"गुरुलिंग, निघ!" मी दारातून ओरडलो.

"त्यांचा जवाब आला न्हाई, दादा."

सेटवर खरखर झाली. "दोन नंबर. निघालो. आऊट." मला ते 'निघालो' स्पष्ट ऐकू आलं. पुढच्याच क्षणी बंकर उतारावरून खाली गेला आणि दोन नंबरवर जाऊन बसला. सातही जवान बाहेर होते.

माती तासाभरात पुन्हा गोठली. गुरुलिंगला काढायला दोन दिवस लागले. इंजिनिअर्सचे सुभेदारसाहेब म्हणाले, "बुखारीच्या उष्णतेनं खालची जमीन वितळली." गुरुलिंग मांडी घालून बसलेला सापडला. हातात सेटचा माईक. डोळे उघडे.

महादेवीताई आता लातुरात क्लासच्या मुलींसाठी मेस चालवतात. दर वर्षी मी जातो. पहिल्या वर्षी त्यांना सगळं सांगितलं, माझ्या ऑर्डरसकट. त्या पोळ्या लाटत होत्या. लाटणं थांबलं.

"बसलेलाच होता?"

"हाव, ताई."

"आमच्यात माणूस गेला की बसवूनच मातीत ठेवतात," त्या म्हणाल्या. "जमिनीनं त्याचं रीतीनं केलं म्हणायचं."

मग त्यांनी मला ताट वाढलं.