कराड ते कवलापूर, पंधरा मिनिटं

कराडच्या धावपट्टीवरून कवलापूरच्या धावपट्टीवर जायला छोट्या विमानाला पंधरा मिनिटं लागतात, हे कुणी कौतुकानं सांगायला लागलं की माझं डोकं अजूनही फिरतं. सरळ रेषेत साठेक किलोमीटर. मला पाठ आहे. सांगणाऱ्याला वाटतं, मला विमानांची आवड आहे.

पंचाहत्तरच्या आसपासची गोष्ट. माझ्या थोरल्या बहिणीचं सासर कवलापूरला, धावपट्टीला लागून. एरवी त्या पट्टीवर गुरं चरायची. एके दिवशी पहाटेच ताई गेल्याचा निरोप आला. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दुकानदाराला उठवून हिरवी साडी घेतली. सवाष्ण बाईला शेवटची साडी माहेरचीच नेसवतात, त्यासाठी माहेरच्यांची वाट बघतात. ती साडी छातीशी धरून आबा माझ्यासोबत पाटणकडून येणाऱ्या एसटीत बसले.

कराडच्या अलीकडे, तिथल्या धावपट्टीजवळ, पोलिसांनी रस्ता अडवला होता. कुणी बडा पुढारी विमानानं कवलापूरला सभेसाठी जाणार होता. साहेब येतीलच, येतीलच म्हणता दोन तास गेले. साहेब कुठंतरी नाश्ता करत बसले होते म्हणे. मी म्हणालो, उतरू, उसातनं चालत तासाभरात कराड गाठू. पण आबांनी वीस वर्षं पलटणीत काढलेली.

"हुकूम हाय. थांबायचं," म्हणाले आणि ताठ बसून राहिले.

त्या पुढाऱ्याचा आला नसेल एवढा राग मला आबांचा आला. शेवटी विमान आमच्या टपावरून गेलं, तेव्हा कुठं रस्ता सुटला. मग कराडात गाडी बदला, सांगलीत बदला. कवलापूरला पोचायला आम्हाला आणखी चार तास लागले.

धावपट्टीच्या कडेच्या मसणवटीत नुसते निखारे उरले होते. दाजी आबांचे पाय धरून रडायला लागले.

"आवं मामा, लय वाट बघितली. पण पोलिस म्हनले, इमान उतरायच्या आधी उरका. पट्टीवर धूर दिसाय नगं."

माझी बहीण माहेरच्या साडीविना गेली, का तर विमानातनं उतरणाऱ्या माणसाला तिचा धूर दिसू नये. मी तिथंच शिव्या घातल्या. कुणाला, ते मलाही कळत नव्हतं.

तेवढ्यात पट्टीवर इंजिनाची घरघर सुरू झाली. सभा आटोपून साहेब परत निघाले होते. एक पोलिस लगबगीनं आमच्याकडे आला आणि पाच मिनिटं निखाऱ्यांना हात लावू नका म्हणाला. मला वाटलं, आबा आताही थांबणार.

त्यांनी साडीची घडी मोडली आणि दोन्ही हातांनी ती निखाऱ्यांवर पसरली.

"आता हू दे धूर," आबा त्या पोलिसाला म्हणाले.