विलायती गाडीची खडखड
तेलात भिजलेल्या घोंगडीचा वास आला की मले जाम गावच्या चौकातलं माझं गॅरेज दिसते. पंचाण्णव साली तिथं एका डॉक्टरची दोन सीटची जुनी विलायती गाडी आलती. स्टेअरिंग फिरवलं की खडखड वाजे. मी स्टेअरिंगचा खालचा बॉक्स दोनदा खोलला, काही सापडलं नाई. "जमत नाई तं नागपूरले नेतो," डॉक्टर म्हणाला. स्टेअरिंग फिरवायले गाडीत बसवलेली माझी बायको बोलली, "अवो, आवाज खाली नाई, इथं वर दांड्यात हाय. आतलं अस्तर झिजलं." तिनंच घोंगडीची पट्टी कापली, तेलात बुडवून दांड्याभोवती ठासली. खडखड बंद. "मानलं तुले, उस्ताद!" डॉक्टरनं माझी पाठ थोपटली, अन् मी गप्प राह्यलो. आता ती नाई. पोरं म्हणतात, जुनं उकरू नका. उकरीन! ते काम तिचं होतं, माझं नाई.