सोफ्यावरची मुक्ताबाईंची जागा

पाटसला हमरस्त्यापासून आत, उसाच्या रानाला लागून बिरदेवचं स्लॅबचं घर. त्या घरात सोफा आला तेव्हा निम्मी आळी तो बघायला लोटली होती. आणि का लोटणार नाही हो? ज्यांच्या मागच्या पिढ्यांनी घोड्यावर संसार लादून मेंढरांमागं पायपीट केली, त्यांच्या घरात सागवानी पायांचा, मरून मखमलीचा सोफा! बिरदेवनं दौंडच्या दुकानातून तो टेम्पोत घालून आणला खरा, पण त्याला जीव लावला बिरदेवच्या बायकोनं, सुषमानं.

जीव म्हणजे किती? मखमलीला ओलं फडकं लावायचं नाही, हे तिनं दुकानदाराकडून एकदाच ऐकलं आणि गाठ मारून ठेवलं. आजूबाजूला उसाचं पाचट पेटलं की काळी राख उडत घरात यायची. ती हातानं पुसली की डाग बसतो, म्हणून ही बाई मऊ ब्रशनं एकेक कण उचलायची. गाद्या उलट्यासुलट्या करायची, हिवाळ्यात कोवळं उन्ह दाखवायची, कडक उन्हाला मात्र पडदा. सागवानाला किडीचं भोक दिसलं की त्यात पिचकारीनं रॉकेल सोडायची. शेजारची चांगुणा म्हणायचीच, "सुषमे, तुझ्या लेकीचं न्हाई एवढं कौतिक त्या सोफ्याचं!"

आणि या घरात सुषमाची सासू होती, मुक्ताबाई. काळी घोंगडी कायम खांद्यावर. म्हातारी पहिल्याच दिवशी सोफ्याकडं निघाली, तर सुषमा मधे आली.

"आत्या, तुम्ही खालीच बसा बरं का. घोंगडीची लोकर मखमलीत गुतती, मग काय केल्या निघत न्हाई."

"व्हय बाई," म्हातारी म्हणाली आणि उंबऱ्यापाशी टेकली. ती मरेपर्यंत तिथंच टेकली.

आता सुषमा काही कैदाशीण नव्हती. सासूला ऊन ऊन भाकरी करून घालायची, पाय चेपायची, दवाखान्यात न्यायची. सोफा तेवढा सोडून घरातलं सगळं सासूचं होतं. आणि तिला वाटायचं, एवढं काय त्यात!

एवढं काय, ते दहाव्याला कळलं. दौंडला भीमेच्या काठी पिंड ठेवले आणि कावळा काही शिवेना. समोरच्या बाभळीवर ढीगभर कावळे, पण एक खाली उतरेल तर शपथ! बिरदेव हात जोडून म्हणाला, "आई, मेंढरं इकणार न्हाई." कावळे गप्प. सुषमाचा दीर म्हणाला, "तुझ्या नातीचं, राजीचं लगीन झोकात करू." कावळे गप्प. उन्हं वर आली, भटजी घड्याळ बघायला लागले, बायका रडून रडून थकल्या. मग सुषमाच्या तोंडून निघून गेलं. ते तिनं ठरवलं नव्हतं.

"आत्या, सोफ्याचा खिडकीकडचा कोपरा तुमचा. तिथं दुसरं कुणी बसायचं न्हाई. शब्द देते."

शब्द पुरा व्हायच्या आत कावळा खाली आला.

कुणीतरी मागून पुटपुटलं, "म्हातारीचा जीव सोफ्यात घुटमळत होता म्हणायचा!" सुषमाच्या मनात मात्र एकच. पिंडापुढं दिलेला शब्द. तो मोडायचा कसा?

तेरावा झाला, पाहुणे पांगले. त्यानंतर एका दुपारी सुषमानं बघितलं, तर खिडकीकडची गादी दबलेली. मांजर बसलं असेल म्हणून तिनं गादी उलटली, थोपटून फुगवली. भांडी घासून आली तर पुन्हा दबलेली. दाराला आतून कडी. मांजर तर मागच्या पडवीत झोपलं होतं.

तिनं दौंडहून म्हाळू कारागिराला बोलावलं. त्यानं खालचं कापड उसवून स्प्रिंगा, काथ्या सगळं चाचपलं.

"वैनी, स्प्रिंगा तर ठणठणीत हायेत. कुणी जड माणूस रोज बसतंय का हितं?"

"कुणी बसत न्हाई," सुषमा म्हणाली.

म्हाळूनं गादीवरून हात फिरवला आणि एकदम मागं घेतला. "ऊन पडतंय वाटतं हिच्यावर," एवढंच बोलला आणि चहाला न थांबता गेला. खिडकीला पडदा होता.

मग लोकर दिसायला लागली. काळी, राठ, बोटभर लांबीची. सुषमा ब्रशनं काढायची आणि दुसऱ्या दिवशी मखमलीत पुन्हा तेवढीच गुंतलेली. घोंगडी तर भीमेकाठीच सोडून दिली होती! पहिले काही महिने सुषमा भीतीनं अर्धी झाली. दुपारी एकटी घरात बसायची नाही, अंगणात जाऊन उगाच तांदूळ निवडायची. पण झाडलोट कुणाला चुकली? हळूहळू ती त्या कोपऱ्याभोवती हात राखून झाडायला लागली. एक दिवस तर सवयीनं बोलून गेली, "जरा पाय वर घ्या, आत्या." आणि झाडू तिथून सरळ गेला, कशालाच अडखळला नाही. मग तिच्या लक्षात आलं, की इतके दिवस तो अडखळत होता. तिथंच खाली बसून ती रडली.

गाव काय आंधळं असतंय? कुणी आलं की सुषमा सांगायची, "तिथली स्प्रिंग मोडलीय, हिकडं बसा." पण म्हाळूनं दौंडमध्ये तोंड उघडलं होतं. राजश्रीला, म्हणजे सुषमाच्या राजीला, आलेली दोन स्थळं परत गेली. चहा पिऊन, गोड बोलून, पुन्हा निरोपच नाही. "घरात म्हातारी बसती म्हणं," असं चांगुणाच्या कानावर आलं. राजीची उशी भिजायची ते आईला कळत होतं.

तिसरं स्थळ आलं तळेगाव ढमढेऱ्याचं. मुलगा शिकलेला, घर चांगलं, आणि राजीला फोटो आवडलेला. बिरदेवनं आदल्या दिवशी बायकोला ठणकावलं.

"उद्या ज्याला जिथं बसायचं तिथं बसू दे. तोंड उघडलंस तर पोर जन्मभर आपल्या घरात बसंल, ध्यानात ठेव."

"न्हाई उघडत," सुषमा म्हणाली. आणि तिला खरंच उघडायचं नव्हतं. मेलेल्या माणसासाठी जिवंत लेकीचं वाटोळं कोण करील?

पाहुणे भर दुपारी जीपनं आले. मुलाचे वडील हौसराव सोफ्याच्या मधोमध बसले, मुलगा त्यांच्या डाव्या अंगाला, बाकीचे प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. खिडकीकडचा कोपरा कसा कोण जाणे, रिकामाच राहिला. तेवढ्यात काठी टेकत मुलाची आजी आत आली, साळूबाई. गुडघे गेलेले, खाली बसणं शक्य नाही. तिनं खोलीभर नजर टाकली आणि सरळ त्या कोपऱ्याकडं निघाली.

बिरदेवनं डोळे वटारले. सुषमानं ओठ दातांखाली धरले. ती गादीकडं बघत होती. रोजच्यासारखी दबलेली गादी, मधे खोलगट, कडेला चुण्या. साळूबाई जवळ आली, वळली, काठी भिंतीला लावली. आणि गादी हळूच वर यायला लागली. आधी एक कड, मग दुसरी. जिवाला नेट लावून, हात टेकून म्हातारं माणूस उठतं, तशी. खालची स्प्रिंग कुरकुरली. चुण्या मिटल्या, मखमल सपाट झाली. आणि उंबऱ्यापाशी, भर उन्हाळ्यात, भिजल्या लोकरीचा वास दाटून आला.

पाहुणे आले, म्हातारी उठून उंबऱ्याशी गेली.

सुषमा तटकन पुढं झाली.

"आत्या, उठू नका!" ती ओरडली. "तुमची जागा हाय ती! बसा तुम्ही, बसा!"

बिरदेवनं कपाळावर हात मारून घेतला. दारात पोह्यांचा ट्रे घेऊन उभी राजी एक पाऊल मागं सरली. गेलं, हेही स्थळ गेलं!

साळूबाई अर्धवट वाकलेली, तशीच थांबली. "कोण बसलं हुतं गं?"

आता लपवून काय उपयोग? "माझी सासू," सुषमा म्हणाली. "वारल्या त्या. जित्या हुत्या तवा मी त्यांना एक दिवस हितं बसू दिलं न्हाई. सोफा खराब हुईल म्हणून. राजीचा ह्यात काय दोष न्हाई. दोष माझा हाय."

मुलानं बापाकडं बघितलं. हौसराव चपला शोधायला लागले. पण साळूबाईनं काठी उचलून जमिनीवर आपटली.

"हौसा, तू ऊठ. मला मधी बसू दे."

लेक उठला. म्हातारी मधे बसली, सुस्कारा सोडला आणि पदर सावरून खिडकीकडच्या मोकळ्या कोपऱ्याकडं वळली. शेजारच्या बाईशी बोलावं, अशा आवाजात म्हणाली, "या बाई, बसा अशा. तुमच्या नातीला आम्ही मागणी घालतोय. द्यायची का न्हाई, ते तुम्हीच सांगा."

बाहेर जीपचा ड्रायव्हर कुणाशी तरी हसत होता, तेवढा आवाज. मग सगळ्यांच्या देखत मखमलीला एक चुणी पडली, मग दुसरी, आणि गादी सावकाश दबत खाली गेली.

साळूबाईनं मान हलवली. "बरं झालं," म्हणाली. "पोरी, आण आता पोहे."

राजीनं सगळ्यांपुढं बशा फिरवल्या. सुषमा आत गेली, आणखी एक बशी भरून आणली, आणि वाफाळती तशीच कोपऱ्याशेजारी सोफ्याच्या सागवानी हातावर ठेवली. खाली फडकंसुद्धा घातलं नाही.