हेफ्टी आणि घरातला वरवंटा

बमरोलीच्या कामगार वस्तीतल्या एका खोलीत सुट्टीच्या दिवशी सकाळपासून एकच शब्द घुमत होता. मोठी मुलगी धनश्री भिंतीकडे तोंड करून घोकत बसली होती, "हेफ्टी म्हणजे जड. हेफ्टी म्हणजे जड."

सुकदेव वीस वर्षं यंत्रमागांच्या खडखडाटात काढलेला माणूस. त्यात तो उभ्याउभ्या डुलकी काढी. पण इथं त्याच्या घशाखाली चहा उतरेना.

"पोरी, मनं डोकं उठनं. जड, समजलं."

"आबा, उद्या शाळेत नोकरीसाठी पाठ घ्यायचाय. मागच्या वेळी मोठ्या बाई म्हणाल्या, पाठ करून आलीस, शिकवायला नाही. उद्याही तसंच झालं तर नोकरी दुसरीला."

सुकदेवनं चहाचा कप खाली ठेवला. गप्प बसणं त्याला जमतंय कधी?

"जडला इंग्रजांकडे दुसरा शब्द नाही का?"

"आहे ना. हेवी."

"मग हा आणखी कशाला?"

धनश्रीनं जाडजूड शब्दकोश उघडून एका दमात वाचलं, "हीव्ह म्हणजे उचलणं. त्यावरून हेफ्ट, म्हणजे वजन. हातात उचलून वजनाचा अंदाज घेणं, तेही हेफ्टच. त्यावरून हेफ्टी."

"मग हेच सांग की."

"सांगीन. पण मुलांना कळायला नको?"

सुकदेवनं कपाळावर हात मारला. तेवढ्यात कोपऱ्यातून बायको सुंदरा म्हणाली, "अहो, हे गाठोडं दाराशी ठेवा. माणूस न्यायला येईल." व्यापाऱ्याच्या साड्यांचे सुटे दोरे कापायचं काम ती घरी करी. "पुऱ्या पन्नास आहेत."

सुकदेवनं गाठोडं दोन्ही हातांवर घेतलं, जरासं खालीवर केलं आणि थांबला.

"दोन कमी आहेत."

"मी मोजल्यात."

"परत मोज."

कारखान्यात त्याचं कामच ते. मागावरून उतरलेला कापडाचा ताका हातावर घ्यायचा आणि हलका लागला की सांगायचं, आडवा धागा विरळ पडलाय. काट्यावर वजन नंतर. ही खोड इतकी मुरलेली की कामरेजला बहिणीचं तान्हं बाळ उचलून यानं सगळ्यांसमोर वजन सांगून टाकलं. बाळाला दृष्ट लागेल म्हणून बहीण दिवसभर बोलली नाही. मीठमोहऱ्या मात्र दोनदा ओवाळल्या.

सुंदरानं गाठ सोडली, मोजलं. अठ्ठेचाळीस. उरलेल्या दोन धनश्रीच्या बुडाखाली निघाल्या. ती त्यांवरच बसून घोकत होती.

पण धनश्रीला त्याचं काहीच नाही. तिनं कोश मिटला. "आबा, परत उचला."

"आता कशाला?"

"उचला तरी. हात आधी थोडे खाली गेले, बघा. मग कळलं तुम्हाला."

तिनं चार वेळा उचलायला लावलं, मग स्वतः उचललं. सुकदेव वैतागून बाहेर ओट्यावर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी पोरगी दोन पुडकी घेऊन शाळेत गेली. मोठ्यात कापसाची उशी, छोट्यात घरचा वरवंटा. मुलांना विचारलं, जड कोणतं? सगळ्यांनी मोठ्याकडे बोट केलं. मग एकेकाला उचलायला लावलं. छोटं उचलताना ज्याचा त्याचा हात खाली जाई, तेव्हा ती म्हणे, "हेफ्टी."

संध्याकाळी सुकदेव भुकेला घरी आला, तर ताटात फिक्कं वरण आणि भाकरी.

"चटणी?"

"कशानं वाटू?" सुंदरा म्हणाली.

"नोकरी लागली, आबा," धनश्री म्हणाली. "पण वरवंटा मोठ्या बाईंनी ठेवून घेतला. उद्या दुसऱ्या तुकडीला दाखवायचाय."

सुकदेवनं रिकाम्या पाट्याकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं.

"तुकड्या किती आहेत?"

"चार."

"वाढ वरण," तो म्हणाला.