बापाच्या नावाची मूठ

धुळ्याला नातीच्या, शकूच्या घरी श्रावणात कानबाई देवीच्या नैवेद्याचे जाड रोट भाजायला लागले, की त्या वासाने मला ती आठ वर्षांचीच दिसते.

माझा पोरगा तेव्हा बायको-पोर टाकून सुरतेला निघून गेलेला. सुनेने अन्न सोडलेलं. रोटांसाठी घरातल्या प्रत्येकाच्या नावाने मूठभर गहू घेतात, एकदा पडलेली मूठ परत काढत नाहीत. शकूने बापाचीही मूठ घेतली.

"त्याचं नाव नको या घरात," मी दरडावलं.

"आबा, मूठ तं पडी गई," ती म्हणाली.

मला वाटलं, पोरीला बापाची ओढ.

जेवताना तिने बापाचा रोट आईच्या ताटात ठेवला. "माय, रोट बाहेर देता येस नही, टाकता येस नही. हाऊ तुलेच खाना पडी."

कानबाईचा रोट. सून नाही म्हणू शकली नाही. रडत रडत जेवली.

आणि पोरीला बापाची ओढ म्हणणारा मी, त्या घरातला शहाणा माणूस.