वाटीभर भिजवलेलं खाद्य

उंदरांवर जीव लावायचा नाही, असं मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मी मनात म्हटलं, उंदरांवर कोण मेलं जीव लावतंय! माहेरी धान्याच्या कोठीशी पिंजरा लावून मीच धरायचे त्यांना.

पण इथले उंदीर वेगळे. नाशिकच्या एका प्रयोगशाळेत मी त्यांचे पिंजरे साफ करते, वजनं घेते. जन्मतःच दोष घेऊन येतात बिचारे. पेशींत कोलेस्टेरॉल साचत जातं, बाहेर निघत नाही. काही आठवडे पिल्लं छान हुंदडतात, मग पाय थरथरायला लागतात, तोल जातो. कळवणच्या माझ्या भाचीला हाच आजार आहे. नऊ वर्षांची पोर. आईबाप ठणठणीत, पण दोघांकडचा दोष नेमका हिच्याच वाट्याला आला. त्यामुळे दर रविवारी फोनवर ताईचा एकच प्रश्न, उंदरांना ते नवं औषध लागू पडतंय का?

आमच्याकडे खाद्य वर जाळीत असतं, उभं राहून कुरतडावं लागतं. पिल्लांना ते जमेनासं झालं की खाद्य भिजवून खाली ठेवायचं, पण सगळ्या पिंजऱ्यांत एकाच ठरल्या दिवशी. मला कुठला एवढा धीर! एका पिंजऱ्यातली पिल्लं जाळीखाली धडपडताना बघितली आणि वाटीभर खाद्य भिजवून दिलं, कितीतरी दिवस आधी. औषध कुठल्या पिंजऱ्याला चाललंय हे मला माहीत नसतं. नेमका तोच औषधाचा निघाला. त्यांची वजनं टिकली. प्रयोग चालवणाऱ्या मॅडम खूश, आणि मी मूर्खासारखी ताईला फोन करून मोकळी. ताई आनंदाने रडली.

मॅडम निकाल लिहायला बसल्या तेव्हा मी त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. सांगून टाकलं एकदाचं. पिल्लं औषधाने तगली की माझ्या खाद्याने, हे आता कुणीच सांगू शकत नव्हतं. मॅडम ओरडल्या नाहीत, वहीतल्या त्या पानांवर फक्त आडव्या रेघा मारल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

रविवारी कळवणला गेले. ताई पोरीला वरणभात भरवत होती. एक घास गिळायला तिला फार वेळ लागतो आता. मी सगळं सांगितलं. वाटलं, ताई चार शिव्या घालेल. तिने पोरीचं तोंड पुसलं आणि विचारलं, "मंग आता परत कधी?"

"नवी पिल्लं झालीत. ती वाढतील, आजारी पडतील, मग."

"मंग पडू दे लवकर," ताई म्हणाली.

रोज सकाळी मी ती पिल्लं तळहातावर घेते. धडधाकट आहेत, हातातून निसटून पळतात. सांगायला लाज वाटते, पण त्यांचे पाय कधी थरथरायला लागतात, याची मी वाट बघते.