टॉवेलाखालचा आकडा

फ्लॅट घ्यायचं ठरवलं तेव्हा मी चाळिशीला टेकले होते. नवऱ्यापासून वेगळी होऊन बरीच वर्षं झाली होती. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत अकाउंट्सला नोकरी, पगार ठरलेला. त्यामुळे सगळं आधीच मांडून बघितलं होतं : हप्ता किती झेपेल, आजारपणाला काय उरेल, नोकरी गेली तर सहा महिने काय खाईन. त्यातून एक आकडा निघाला आणि त्याच्या वर जायचं नाही, असं मी स्वतःला बजावलं. त्यात आईवडिलांचा एक रुपयाही धरला नव्हता. गडमुडशिंगीत त्यांच्या दोन म्हशी आहेत आणि डेअरीकडून दर दहा दिवसांनी येणाऱ्या दुधाच्या बिलावर दोघांचं चालतं. त्याला मला हात लावायचा नव्हता.

घर पसंत पडलं ते उचगावच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून उसाचं रान दिसायचं. ते बघून मी अगदी खुळी झाले. भाव ठरवायला एकटीच जाणार होते, पण वडील ऐकेनात. "सौद्याला गडीमाणूस लागतंय," म्हणाले आणि स्कूटरवर मागं बसले. मला राग आला, तो गिळला. त्यांचं अर्धं आयुष्य जनावरांच्या बाजारात गेलेलं. आपल्याइतका सौदा कुणाला कळत नाही, असं त्यांना वाटतं, आणि ते अगदीच खोटं नाही.

बिल्डर माझ्याहून लहान, शेतीवाडी असलेल्या जैन घरातला. "या पावणं," म्हणत त्यानं चहा मागवला. मी फाइल उघडणार, तोच वडिलांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि त्याच्यापुढं हात केला. मला वाटलं, हा आता हसेल. तो हसला नाही. लहानपणी आजोबांबरोबर म्हशी घ्यायला तोही बाजारात जायचा, हे मला नंतर कळलं. त्यानं लॅपटॉप मिटला, हात पुढं केला आणि दोघांच्या हातांवर टॉवेल पडला.

जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. टॉवेलाखाली एकमेकांची बोटं दाबायची, आधी लाखाची, मग हजाराची. बघणाऱ्याला काही कळता कामा नये. इथं बघणारी मी होते. घर माझं, कर्ज माझं, पुढची वीस वर्षं पगार माझा जाणार, आणि मी आपली भिंतीवरचे फरशांचे नमुने बघत बसलेली.

"न्हाय शेठ, ह्ये जमायचं न्हाय," वडील म्हणाले. मग बराच वेळ नुसतंच हं हं. शेवटी हात बाहेर आला आणि ते माझ्याकडं वळले. "लय खाली आणलंय. व्हय म्हण."

"किती, आबा?"

"घरात गेल्यावर सांगतो की."

"मला आत्ता कळाय पायजे. हप्ता मी भरणार हाय."

"चारचौघांत आकडा बोलायचा नस्तो."

"मग बोटं दाबून सांगा," म्हणत मी त्यांच्या हातातल्या टॉवेलाखाली हात सरकवला.

वडील गोंधळले. उभ्या आयुष्यात त्यांनी बाईमाणसाशी असा सौदा केला नव्हता, लेकीशी तर नाहीच. पण नाही म्हणता येईना. त्यांची बोटं राठ, दाबणं मात्र हळू. मी मनातल्या मनात मोजत गेले. आकडा माझ्या आकड्याच्या वर होता, चांगलाच वर.

"वरचं मी बघतो," ते पुटपुटले. "न्हायतरी म्हसरं इकून काढायचीच हायत. गुडघं चालत न्हाईत आता."

रोज पहाटे वैरण आणायला हाच माणूस जातो आणि भारा डोक्यावरून आणतो. त्या खिडकीतला ऊस मला एकदम नकोसा झाला.

मी हात बिल्डरपुढं केला. तो खुर्चीत मागं सरकला. "ताई, तुम्ही तोंडानं सांगा की. हात कशाला?"

मी वडिलांकडं पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता. आता टॉवेल खांद्यावर टाकून उठतील, असंच मला वाटलं. त्यांनी टॉवेल उचलला, झटकला आणि माझ्या हातावर पांघरला.

"घर तिचं हाय, शेठ. हात तिचाच धरायचा."

एवढं बोलून ते खिडकीशी गेले आणि आमच्याकडं पाठ करून उभे राहिले.

मी माझा आकडा दाबला. बिल्डरनं नकाराची मान हलवली. मी पुन्हा तोच दाबला. "खालचं पार्किंग नको मला," मी म्हणाले. "स्कूटर भाईर लावतो की." आमच्याकडं बायकाही 'लावतो'च म्हणतात. तो छताकडं बघत बसला, त्याच्या चहावर साय धरली. मग त्यानं माझाच आकडा माझ्या बोटांवर परत दाबला.

येताना स्कूटरवर वडिलांचा फोन वाजला. आई होती. तिचा आवाज मला पुढं स्वच्छ ऐकू येत होता. केवढ्याला झालं, विचारत होती.

"मला काय ठावं?" वडील म्हणाले. "सौदा तिनं केलाय. तिला इचार."